अणुपाणबुडीचे जनक ॲडमिरल रिकोव्हर

पाणबुडी हें नांव आमच्या विद्यार्थ्यांस नवें नाहीं. मुंबईस माझगांवच्या गोदींत अशा बोटी बांधल्या जातात, व त्यांचीं चित्रें वर्तमानपत्रांतून पुष्कळांनीं पाहिलीं असतील. परंतु पाणबुडी म्हणजे नेहमीं पाण्याखालींच राहणारी बोट अशी जी समजूत आहे, ती जुन्या बोटींपुरती खरी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांतली पाणबुडी ही वस्तुतः पाण्यावरचीच बोट होती. प्रसंग पडला म्हणजे ती बुडी मारी, इतकेंच. तिच्या डिझेल यंत्रास हवा लागे, आणि पाण्याखालीं हवा कोठली? म्हणून बुडी मारल्यावर तिला विजेच्या घटांवर चालावें लागे. सावकाश चालली तर एखादा दिवस, आणि भरधांव निघाली तर तासा-दोन तासांतच ते घट रिकामे होत. मग शत्रु वर टपून बसलेला असला तरी तिला वर यावें लागे. आपल्याकडे विहिरींत सूर मारणारा पोरगा कितीही पट्टीचा असला तरी श्वासासाठीं अखेर त्याला डोकें वर काढावेंच लागतें, तशीच तिची गत होती.

१९५५ सालच्या जानेवारींत अमेरिकेच्या किनाऱ्यावरून एक बोट समुद्रांत शिरली, तिला हें बंधन नव्हतें. त्या बोटीमागें ज्या एका मनुष्याचा हट्ट उभा होता, त्या ॲडमिरल हायमन जॉर्ज रिकोव्हर यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों. त्यांनीं कोणतीही लढाई जिंकली नाहीं, आणि निसर्गाचा कोणताही नवा नियम शोधून काढला नाहीं. तथापि अमेरिका व सोव्हिएट रशिया या दोन महासत्तांमध्यें दुसऱ्या महायुद्धानंतर १९९१ पर्यंत शस्त्रांची जी भयंकर चढाओढ चालली, तिचें स्वरूप त्यांच्या कामामुळें पालटलें. आणि आपल्याच कामाविषयीं अखेरीस त्यांनीं जें मत दिलें, तें सेनाधिकाऱ्यांच्या तोंडून क्वचितच ऐकूं येतें.

हायमनचा जन्म पोलंडांतील माकूव्ह नांवाच्या लहानशा गांवीं एका ज्यू कुटुंबांत झाला. त्या काळीं तो मुलूख रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. जन्मतिथि २७ जानेवारी १९०० अशी दिली जाते. कांहीं कागदोपत्रीं मात्र १८९८ साल आढळतें. बाप अब्राहाम शिंपीकाम करी. त्या राज्यांत ज्यू लोकांवर वारंवार हल्ले होत, म्हणून तो आधीं एकटाच अमेरिकेस गेला, आणि पै-पै जमवून त्यानें मागाहून बायकोस व मुलांस बोलावून घेतलें. न्यूयॉर्क बंदरांत एलिस बेटावर परदेशच्या लोकांस उतरवून घेत. तेथें या मायलेकरांस न्यावयास कोणीच आलें नाहीं, कारण त्यांच्या येण्याची तार बापास पोंचलीच नव्हती. ठराविक मुदतींत कोणी न आल्यास आल्या वाटेनें परत पाठविण्याचा नियम होता. ती मुदत संपतां संपतां बापाला सुगावा लागला व तो धांवत आला, असें सांगतात. जे ज्यू लोक माकूव्हमध्यें मागें राहिले, ते पुढें दुसऱ्या महायुद्धांत हिटलरच्या राजवटींत बहुतेक सर्व मारले गेले. चुकलेल्या तारेची ही गोष्ट आम्हीं मुद्दाम सांगितली. कारण तारा पोंचविण्याच्याच कामानें पुढें या मुलाचें नशीब उघडलें.

कुटुंब कांहीं वर्षांनीं शिकागो शहरीं स्थायिक झालें. नऊ वर्षांचा असतां हायमननें पहिली कमाई केली. शेजारचा एक कारागीर यंत्रावर काम करी, त्याच्यासाठीं दिवा धरून उभें राहावयाचें. मजुरी तासास तीन सेंट. हायस्कुलांत गेल्यावर तो शाळा सुटली कीं वेस्टर्न युनियन कंपनीच्या तारा वांटीत असे, आणि रात्रीं घरीं आल्यावर अभ्यासास बसे. या फेऱ्यांत अमेरिकन काँग्रेसचे सभासद ॲडॉल्फ सबाथ यांच्याशीं त्याची ओळख झाली. हे स्वतः बोहेमियांतून आलेले ज्यू गृहस्थ होते. त्यांच्या शिफारशीनें १९१८ सालीं त्याला ॲनापोलिस येथील आरमारी विद्यालयांत जागा मिळाली. शिंप्याच्या मुलास कॉलेजचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. येथें सर्व शिक्षण सरकारी खर्चानें होई. तेथें तो एकलकोंडा राहिला. खेळांत नाहीं, मेजवान्यांत नाहीं. सुटीच्या दिवशींही पुस्तकांत डोकें खुपसून बसलेला. इतकें करूनही १९२२ सालीं ५४० विद्यार्थ्यांत त्याचा नंबर १०७ वा आला. प्रगतिपुस्तकांतील नंबरावरून मुलाचें भविष्य ठरविणाऱ्या पालकांनीं हा आंकडा पाहून ठेवण्याजोगा आहे.

आरमारांत शिरल्यावर रिकोव्हर यांनीं विनाशिकेवर व युद्धनौकेवर कांहीं वर्षें चाकरी केली. नंतर कोलंबिया विश्वविद्यालयांतून त्यांनीं विद्युत्-शास्त्राची उच्च पदवी घेतली. तेथेंच आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास करणाऱ्या रूथ मास्टर्स या विदुषीशीं त्यांचा परिचय झाला व १९३१ सालीं विवाह झाला. १९२९ पासून चार वर्षें ते जुन्या पाणबुड्यांवर होते. त्या कोंदट, तेलकट, पदोपदीं बिघडणाऱ्या बोटींत यंत्रें दुरुस्त करतां करतां त्यांस पाणबुडीचें मर्म व दुखणें दोन्ही कळलीं. रिकाम्या वेळांत त्यांनीं एका जर्मन ॲडमिरलच्या पाणबुडीविषयक ग्रंथाचें इंग्रजींत भाषांतर केलें. मात्र पाणबुडीचें कप्तानपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. १९३७ सालीं चीनच्या किनाऱ्यावर एका गंजलेल्या सुरुंगकाढू जहाजाचें आधिपत्य कांहीं महिने त्यांच्याकडे आलें, तेवढेंच काय तें त्यांचें स्वतःचें जहाज. त्यानंतर त्यांनीं केवळ यंत्रविद्येचीच शाखा पत्करली. दुसऱ्या महायुद्धांत ते वॉशिंग्टन येथें जहाजखात्याच्या विद्युत्-विभागाचे प्रमुख होते. लढाईंत जखमी होऊन आलेल्या प्रत्येक जहाजाची विजेची यंत्रणा कोठें व कां निकामी झाली हें ते खोदखोदून विचारीत, आणि त्याप्रमाणें कारखानदारांकडून नवीं यंत्रें करवून घेत. कंत्राटदार त्यांस भीत. वरिष्ठ त्यांच्यावर चिडत. काम मात्र होई.

६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमा शहरावर अणुबाँब पडला व जगाचा नूर पालटला. पुढच्याच वर्षीं अमेरिकन आरमारानें कांहीं अधिकारी टेनेसी प्रांतांतील ओक रिज येथें अणुविद्या शिकण्यास पाठविले, त्यांत रिकोव्हर होते. वय सेहेचाळीस! ज्या वयांत बहुतेक अधिकारी पेन्शनचा हिशेब करूं लागतात, त्या वयांत हे गृहस्थ वही-पेन्सिल घेऊन तरुण शास्त्रज्ञांच्या व्याख्यानांस बसूं लागले. आपल्या सोबत्यांनींही प्रत्येक व्याख्यानाची टांचणें काढून ठेवावींत असा त्यांचा दंडक होता. बहुतेकांच्या मतें अणुशक्तीवर जहाज चालविणें ही पंधरा-वीस वर्षांनंतरची बाब होती. रिकोव्हर यांनीं निराळें ताडलें. शास्त्राचा भाग बराचसा सुटलेला आहे. उरलें आहे तें नळ, झडपा, पंप, धातु, सांधे यांचें काम, आणि तें काम कारखान्यांत होणारें आहे, असें त्यांचें मत झालें.

वॉशिंग्टनला परत आल्यावर वरिष्ठांनीं त्यांची ही टोळी पांगविली, आणि त्यांना बसण्यास जी खोली दिली ती पूर्वीं स्त्रियांचें प्रसाधनगृह होती. रिकोव्हर यांनीं त्या खोलींतूनच आपली मोहीम चालविली. आरमाराचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ हे स्वतः जुने पाणबुडीवाले होते. त्यांच्यापर्यंत पोंचून १९४७ च्या डिसेंबरांत, म्हणजे ते निवृत्त होण्याच्या थोडेच दिवस आधीं, रिकोव्हर यांनीं अणुपाणबुडी अवश्य बांधावी अशी लेखी मान्यता मिळविली. १९४९ सालीं तर त्यांनीं मोठीच युक्ति साधली. आरमाराच्या जहाजखात्यांत एक जागा व सरकारी अणुशक्ति-मंडळांत दुसरी, अशा दोन खुर्च्या त्यांच्या एकट्याकडे आल्या. एका खुर्चीवरून लिहिलेल्या पत्रास दुसऱ्या खुर्चीवरून होकार देतां येई, असें लोक थट्टेनें म्हणत. त्या थट्टेंत पुष्कळ सत्य होतें.

आतां त्या भट्टीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. युरेनियमचे अणु फुटतांना अतोनात उष्णता निघते. भट्टीभोंवतीं पाणी खेळविलेलें असतें. तें प्रचंड दाबाखालीं ठेविल्यामुळें तापतें, पण उकळत नाहीं. हें तापलेलें पाणी नळ्यांतून फिरत जाऊन आपली उष्णता दुसऱ्या, स्वच्छ पाण्यास देतें. त्या दुसऱ्या पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरविते, आणि टर्बाइन बोटीचा पंखा फिरवितें. ह्या साऱ्या व्यवहारांत जळणें असें कांहीं नाहीं, म्हणून हवेची गरज नाहीं. आमच्या देशाची अरिहंत ही पाणबुडी, जी २०१६ सालीं आरमारांत दाखल झाली, तिची भट्टीही याच तत्त्वावर चालते, व तिचा आराखडा ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें केला. कागदावर हें सोपें दिसतें. परंतु सर्व कारभार कांहीं हातांच्या खोलींत, हेलकावे खाणाऱ्या बोटींत, माणसांच्या शेजारींच करावयाचा, आणि त्या माणसांस किरणांची बाधा होऊं द्यावयाची नाहीं, हें कठीण होतें. इंधनाच्या कांड्यांस वेष्टन कशाचें करावें हाच पहिला प्रश्न. झिर्कोनियम धातु गंजत नाहीं व भट्टीच्या क्रियेस अडथळाही करीत नाहीं. परंतु तो फार थोडा मिळे, आणि निसर्गतः त्यांत हाफ्नियम नांवाचा दुसरा धातु मिसळलेला असे, तो नेमका अडथळा करणारा. रिकोव्हर यांनीं झिर्कोनियम शुद्ध करण्याचे कारखाने उभे करविले, आणि वेगळा काढलेला हाफ्नियम भट्टी आवरून धरण्याच्या दांड्यांसाठीं वापरला. आमच्या घरोघरच्या गृहिणींना ही काटकसर पसंत पडेल.

पहिली भट्टी समुद्रापासून शेंकडों मैल दूर आयडाहो प्रांताच्या ओसाड माळरानावर उभी राहिली. कित्येकांची सूचना अशी होती कीं, प्रयोगापुरतीं यंत्रें ऐसपैस मांडावीं, दाटी मागाहून करतां येईल. रिकोव्हर यांनीं तें साफ नाकारलें. माळरानावरच पाणबुडीच्या पोटाचा हुबेहूब तुकडा बांधला आणि त्याच अडचणींत सर्व यंत्रें बसविलीं. ३० मार्च १९५३ रोजीं ही भट्टी चेतली. जून महिन्यांत पूर्ण शक्तीवर चालविण्याची परीक्षा झाली. ठरलेला वेळ भरल्यावर इंजिनियर ती थांबवूं लागले, तेव्हां रिकोव्हर यांनीं थांबविण्यास मनाई केली, भिंतीवर अटलांटिक महासागराचा नकाशा टांगविला, आणि भट्टी अशीच चालली असती तर बोट कोठें पोंचली असती याची खूण तासातासाला करावयास लाविली. मध्यंतरीं यंत्रांच्या एकामागून एक तक्रारी सुरू झाल्या, एक नळीही गळूं लागली, मंडळी बंद करा म्हणून विनवूं लागली. परंतु सुमारें चार दिवसांनीं ती खूण आयर्लंडच्या किनाऱ्यास लागेपर्यंत त्यांनीं कोणाचें ऐकलें नाहीं. माळरानावर उभी असलेली बोट महासागर ओलांडून गेली.

खरी बोट कनेटिकट प्रांतांत ग्रॉटन येथें तयार होत होती. तिचें नांव नॉटिलस. १४ जून १९५२ रोजीं राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्तें तिचा पाया बसविण्यांत आला, २१ जानेवारी १९५४ रोजीं ती पाण्यांत उतरली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत धक्क्याला बांधलेली असतांना तिच्यांतली एक लहानशी वाफेची नळी फुटली. कोणास फारशी इजा झाली नाहीं. चौकशी करतां आढळलें कीं, जेथें बिनजोड नळी हवी होती तेथें जोड असलेली साधी नळी बसविली गेली आहे. अशा नळ्या आणखी कोठें बसल्या हें खात्रीनें कोणासच सांगतां येईना. कारण बसलेली नळी बाहेरून ओळखतां येत नव्हती. रिकोव्हर यांनीं त्या मापाची प्रत्येक नळी, हजारों फूट, उखडून नवी घालावयास लाविली. महिने फुकट गेले. वर्तमानपत्रें वाट पाहत होतीं, आरमार उतावीळ झालें होतें. पण ज्या नळीविषयीं शंका आहे ती राहूं द्यावयाची नाहीं, याबाबतींत त्यांच्यापुढें कोणाची मात्रा चालत नसे. अखेर १७ जानेवारी १९५५ रोजीं नॉटिलस अणुशक्तीवर चालती झाली. पुढें मे महिन्यांत ती वर न येतां नव्वद तासांच्या आंत तेराशेंहून अधिक मैल गेली. पहिल्या इंधनावर ती ६२,००० मैलांहून अधिक चालली. ३ ऑगस्ट १९५८ रोजीं तर ती बर्फाच्या थराखालून जाऊन उत्तर ध्रुवाच्या बिंदूवरून गेली.

इकडे तिच्या जनकाची काय स्थिति होती? १९५१ व १९५२ सालीं ॲडमिरलपदाच्या बढतींत त्यांस दोनदा डावलण्यांत आलें. नियमाप्रमाणें आतां घरीं बसणें भाग होतें. त्यांच्या जिभेला हाड नव्हतें, वरिष्ठांना ते जुमानीत नसत, गणवेश टाकून साध्या कोटांत हिंडत. त्याचा हा सूड होता असें पुष्कळांना वाटे, आणि त्यांच्या ज्यू जन्माचाही कांहीं संबंध असावा असें कित्येक म्हणत. शेवटीं सेनेटनें इतर कप्तानांच्या बढत्या अडवून धरल्या, तेव्हां १९५३ सालीं आरमारास नमतें घ्यावें लागलें. ध्रुवयात्रेबद्दल १९५८ सालीं राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यांत सत्कार झाला, त्यासही त्यांस आमंत्रण नव्हतें. मग लोकांत गवगवा झाल्यावर त्याच वर्षीं काँग्रेसनें त्यांस सुवर्णपदक दिलें.

नॉटिलसजवळ अणुबाँब नव्हता. अणुशक्तीनें चालणारी बोट निराळी आणि अण्वस्त्रें वाहणारी बोट निराळी, हा भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. परंतु दोन्ही गोष्टी एकत्र येण्यास फार वेळ लागला नाहीं. जमिनीवरचीं क्षेपणास्त्रें व विमानतळ कोठें आहेत हें शत्रूस हेरतां येतें; एकदम हल्ला करून तीं उध्वस्त करतां येतील अशी आशा वा भीति दोन्ही पक्षांस असे. महासागरांत महिनोन् महिने दडून बसणारी बोट मात्र सांपडत नाहीं. म्हणजे देश बेचिराख झाला तरी सूड घेणारें एक हत्यार पाण्याखालीं शिल्लक राहतें. आणि तें राहतें म्हणून कोणी पहिला घाव घालूं धजत नाहीं. या परस्परांच्या धाकावरच पुढील तीस वर्षें जगाची शांति टेकलेली होती. घाईसाठीं अमेरिकेनें बांधावयास घेतलेली एक पाणबुडी मधोमध कापली, तिच्यांत १३० फूट लांबीचा क्षेपणास्त्रांचा भाग घातला, आणि तिला जॉर्ज वॉशिंग्टन असें नांव दिलें. २० जुलै १९६० रोजीं या बोटीनें पाण्याखालून पोलॅरिस क्षेपणास्त्रें उडवून दाखविलीं. अशीं सोळा अस्त्रें एका बोटींत. १९६७ पर्यंत अशा ४१ बोटी तयार झाल्या. क्षेपणास्त्रांचें खातें रिकोव्हर यांचें नव्हतें. बोटींच्या पोटांतील भट्ट्या मात्र सर्व त्यांच्याच.

सोव्हिएट रशियाही स्वस्थ बसला नव्हता. त्याची पहिली अणुपाणबुडी १९५८ सालींच समुद्रावर आली, आणि पुढें संख्येनें त्यानें सर्वांस मागें टाकलें. पण बरोबरी गांठण्याच्या घाईची किंमत खलाशांनीं दिली. ४ जुलै १९६१ रोजीं के-१९ या बोटीच्या भट्टीचें थंड पाणी बंद पडलें. तेव्हां खलाशांनीं भट्टीच्या खोलींत शिरून नवी नळी जोडली, बोट वांचविली, आणि त्यांपैकीं आठ जण तीन आठवड्यांच्या आंत किरणांच्या बाधेनें मरण पावले. दुसरी हकीकत १९६२ च्या ऑक्टोबरांतील. क्यूबाच्या प्रकरणांत रशियाच्या चार पाणबुड्या अमेरिकेच्या जवळ आल्या होत्या. त्या जुन्या डिझेलच्या होत्या, परंतु प्रत्येकींत एक अण्वस्त्राचा टॉर्पेडो होता. त्यांपैकीं बी-५९ या बोटीला अमेरिकन विनाशिकांनीं घेरून वर येण्याची सूचना म्हणून लहान बाँब टाकले. आंत घट संपत आलेले, उष्णता असह्य, मॉस्कोशीं बोलणें बंद; युद्ध सुरू झालें कीं काय हेंही कळेना. कप्तान अस्त्र सोडण्याच्या विचारांत होता व वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्यानें त्याला आवरलें, असें त्या बोटीवरच्यांनीं मागाहून सांगितलें. बोट वर आली. लेखाच्या आरंभीं सांगितलेली श्वासाची गोष्ट एका रात्रीं साऱ्या जगाच्या जिवावर येऊं पाहत होती.

रिकोव्हर यांची कामाची रीत विलक्षण होती. त्यांच्या कचेरींत टंकलिखित होणाऱ्या प्रत्येक पत्राची एक गुलाबी प्रत, मग तें पत्र कितीही क्षुल्लक असो, रोज त्यांच्या टेबलावर गेली पाहिजे. ते ती वाचीत. प्रत्येक नव्या अणुपाणबुडीच्या पहिल्या चांचणीस ते स्वतः बोटींत बसत. भट्टीवर काम करूं इच्छिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते जातीनें घेत. उमेदवारास बसावयास दिलेल्या खुर्चीचे पुढचे पाय कापून आंखूड केलेले असत, म्हणजे बिचारा सारखा खालीं घसरत राही. उत्तर पोकळ वाटलें तर त्यास झाडू ठेवण्याच्या खोलींत विचार करीत उभें राहण्यास पाठवीत. हाताखालच्या माणसांशीं अशी वागणूक आम्हांस पसंत नाहीं. तिनें कित्येक चांगलीं माणसें दुखावून निघून गेलीं. पण एक मुलाखत सांगण्यासारखी आहे. १९५२ सालीं जिमी कार्टर नांवाचा तरुण अधिकारी त्यांच्यापुढें आला. रिकोव्हर यांनीं आरमारी विद्यालयांतला त्याचा नंबर विचारला. ८२० मध्यें एकोणसाठावा, असें त्यानें अभिमानानें सांगितलें. शाबासकी मिळाली नाहीं. तूं आपल्याकडून होईल तितका प्रयत्न केलास काय, एवढेंच त्यांनीं विचारलें. कार्टर हो म्हणणार होता, पण त्याच्यानें खोटें बोलवेना. नेहमीं केला नाहीं, असें तो म्हणाला. त्यावर, कां नाहीं, असें विचारून रिकोव्हर यांनीं खुर्ची फिरवून पाठ केली. त्यास त्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. नोकरी मात्र मिळाली. हाच तरुण १९७७ सालीं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि वडिलांखालोखाल आपल्यावर या मनुष्याचा परिणाम झाला असें सांगत राहिला.

या सर्व कडक शिस्तीचें फळ असें कीं, त्यांच्या कारकिर्दींत अमेरिकेच्या कोणत्याही अणुजहाजावर भट्टीचा अपघात होऊन किरण पसरले नाहींत. बोटी मात्र बुडाल्या. १० एप्रिल १९६३ रोजीं थ्रेशर ही नवी पाणबुडी खोल बुडीची परीक्षा देत असतां १२९ माणसांसह अटलांटिकच्या तळाशीं गेली. समुद्राच्या पाण्याची एखादी नळी सांध्यांत फुटली, पाणी विजेच्या यंत्रांवर उडालें, त्यानें भट्टी आपोआप बंद पडली, आणि बोटीस वर येण्याचें बळ उरलें नाहीं, असा तर्क चौकशींत निघाला. त्या बोटीचे १४५ सांधे आधीं तपासले होते, त्यांपैकीं सुमारें १४ टक्के निकृष्ट आढळले होते. आणि उरलेले तपासल्यावांचून ती समुद्रावर गेली. हे सांधे रिकोव्हर यांच्या भट्टीचे नव्हते. तथापि भट्टी बंद पडल्यावर ती पुन्हां चालू होण्यास जो वेळ लागे, तो त्यांच्या नियमांमुळें लागे, आणि तो त्यांनीं त्यानंतर कमी केला.

१९५७ सालीं शिपिंगपोर्ट येथें अमेरिकेंतील पहिलें मोठें अणुविद्युत्-केंद्र सुरू झालें, तेंही त्यांच्याच देखरेखीखालीं. शाळांच्या शिक्षणाविषयीं त्यांनीं पुस्तकें लिहिलीं. अमेरिकन मुलांस शाळेंत सोपें तेंच शिकवितात, गणित व भाषा यांचा पाया कच्चा ठेवितात, अशी त्यांची तक्रार असे, आणि युरोपांतील शाळांशीं तुलना करून ते शिक्षकांस टोंचीत. शिक्षक या नात्यानें आम्हांस त्यांतील कांहीं बोल झोंबले. सर्वच खोटे होते असें म्हणवत नाहीं.

निवृत्तीचें वय उलटून गेल्यावरही काँग्रेसच्या पाठिंब्यानें त्यांची मुदत पुनःपुन्हां वाढत गेली. १९७३ सालीं ते पूर्ण ॲडमिरल झाले. जहाजें बांधणाऱ्या मोठ्या कंपन्या सरकारकडून वाजवीपेक्षां जास्त पैसे मागतात, असा आरोप ते उघड करूं लागले व त्यांनीं बलाढ्य शत्रु जोडले. परंतु त्यांच्याही पदराला डाग लागला. जनरल डायनॅमिक्स या कंपनीनें सोळा वर्षांत त्यांस सुमारें ६७,००० डॉलर किंमतीच्या भेटी दिल्या होत्या, त्यांत दागिनेही होते, असें मागाहून उघड झालें, आणि १९८५ सालीं आरमारमंत्री लेहमन यांनीं त्यांस ठपक्याचें पत्र दिलें. या भेटींनीं आपला एकही निर्णय बदलला नाहीं असें त्यांचें म्हणणें होतें, आणि तें खरेंही असेल. पण जो एका संशयित नळीसाठीं हजारों फूट नळ्या उखडवितो, त्यानें त्या भेटी घ्याव्या याचें आम्हांस वाईट वाटतें.

३१ जानेवारी १९८२ रोजीं त्यांस सक्तीनें निवृत्त करण्यांत आलें. आरमारांत शिरल्यास त्रेसष्ट वर्षें झालीं होतीं; विल्सनपासून रीगनपर्यंत तेरा राष्ट्राध्यक्ष त्यांनीं पाहिले. त्या काळापर्यंत ओहायो नांवाची नवी पाणबुडी आली होती. तिच्यांत चोवीस क्षेपणास्त्रें, व प्रत्येकाच्या टोंकाशीं अनेक बाँब. रशियानेंही तिच्या तोडीची राक्षसी बोट त्याच सुमारास तयार केली. निवृत्तीच्या तीन दिवस आधीं, २८ जानेवारीस, काँग्रेसच्या एका समितीपुढें त्यांची साक्ष झाली. जहाजांचा खर्च, कंपन्यांची लबाडी यांविषयीं ते बोलले. मग बोलणें अणुशक्तीकडे वळलें. पृथ्वीवर एके काळीं इतके किरण होते कीं जीवसृष्टि संभवतच नव्हती. निसर्गानें कोट्यवधि वर्षें खर्चून ते कमी केले, तेव्हां जीव जगूं लागले. आणि आपण माणसें आतां तीच गोष्ट पुन्हां उत्पन्न करीत आहों, असें त्यांनीं सांगितलें. जहाजें देशाच्या रक्षणासाठीं अवश्य म्हणून बांधलीं, पण त्यांत आपण जो भाग घेतला त्याचा आपल्याला अभिमान वाटत नाहीं. चालतें तर तीं सर्व बुडवून टाकलीं असतीं. युद्ध पेटलें म्हणजे राष्ट्रें हाताशीं असेल तें हत्यार वापरतात, असें इतिहास सांगतो. म्हणून मनुष्यजात बहुधा स्वतःचा नाश करून घेईल. सर्व राष्ट्रांनीं मिळून आधीं अण्वस्त्रांवर बंदी घालावी, आणि पुढें अणुभट्ट्यांवरही.

म्हाताऱ्यास काढून टाकलें म्हणून तो रागानें बोलला, असें कित्येकांनीं म्हटलें. आम्हांस तें पटत नाहीं. नळी फुटूं शकते तर ती केव्हां ना केव्हां फुटणारच, असें समजून जो पस्तीस वर्षें वागला, त्यानें तेंच माप राज्यकर्त्यांस लाविलें तर त्यांत नवल काय? नळी तपासतां येत होती. माणसांचे राग, लोभ व भय कोणत्या यंत्रानें तपासावे, हें त्यांस ठाऊक नव्हतें. तरीही आणखी पाणबुड्या मागणाऱ्यांत याच गृहस्थाचा आवाज वर्षानुवर्षें सर्वांत मोठा होता, आणि या दोन गोष्टींचा मेळ त्यांनीं स्वतः कधीं घालून दाखविला नाहीं.

८ जुलै १९८६ रोजीं व्हर्जिनिया प्रांतांतील आर्लिंग्टन येथें ते वारले व तेथील राष्ट्रीय दफनभूमींत त्यांस पुरण्यांत आलें. पहिली पत्नी रूथ १९७२ सालीं निवर्तली होती. दुसरी पत्नी एलिओनोर व एक मुलगा मागें राहिले. त्यांचें नांव दिलेली एक पाणबुडी त्यांच्या हयातींतच, १९८४ सालीं, आरमारांत आली होती. ती काढून टाकल्यावर २०२३ सालीं त्याच नांवाची दुसरी आली. नॉटिलस १९८० सालींच निवृत्त झाली. तिच्या भट्टींतलें इंधन काढून घेऊन तिला ग्रॉटन येथें नदीच्या कांठीं बांधून ठेविली आहे. १९८६ पासून शाळांच्या सहली तेथें येतात. मुलें पुढच्या भागांतून वांकून फिरतात, खलाशांच्या एकावर एक असलेल्या अरुंद बिछान्यांस हात लावून पाहतात, आणि भट्टीच्या खोलीचें दार लागतें तेथून माघारीं फिरतात.